एक मीटर ऐंशी

मी या भानगडीत पडलो तो कोथिंबिरीमुळे.

रविवारची सकाळ, पाहुणे येऊन बसलेले, पोह्यांवर झाकण पडलेलं आणि घरात कोथिंबिरीची काडी नाही. भाजीवाली समोरच बसते. समोर म्हणजे अगदी समोर. आमच्या गॅलरीतून तिच्या टोपलीतली लिंबं मोजता येतात. मध्ये फक्त रस्ता आहे. कागदोपत्री चोवीस मीटरचा डीपी रस्ता, मधोमध दुभाजक. लेंग्यावरच खाली उतरलो, कडेला उभा राहिलो आणि उभाच राहिलो. पाय पुढे टाकावा तर उजवीकडून रिक्षा, मागे घ्यावा तर डावीकडून, म्हणजे उलट्या दिशेनं, दुचाकीवाला, आणि वर तोच आपल्याला सुनावणार, "काका, बघून!" पलीकडून भाजीवाली एक जुडी उंच धरून खुणेनं विचारत होती, हीच का? मीही खुणेनं म्हटलं, हीच. व्यवहार ठरला होता. माल ताब्यात यायचा तेवढा राहिला होता.

शेवटी वर गेलो आणि स्कूटरची किल्ली घेतली. पुढच्या चौकात जाऊन वळायचं, जुडी घ्यायची, मग मागच्या चौकात जाऊन पुन्हा वळायचं. घरी येऊन काटा पाहिला तर पावणेदोन किलोमीटर झाले होते. चोवीस मीटरसाठी पावणेदोन किलोमीटर. तोवर पाहुण्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या.

"अहो, पुण्यात कोथिंबीर मिळेनाशी झाली का?" बायकोनं विचारलं.

"मिळते," मी म्हणालो, "पण पलीकडे."

पाहुण्यांना यात काहीतरी अध्यात्म वाटलं असावं. ते जरा गंभीर झाले आणि लवकर उठले.

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. 'आपले रस्ते, आपले पाय. गच्चीवर सात वाजता. चहा मिळेल.' एरवी असल्या कागदांकडे मी पाहत नाही, पण त्या दिवशी पाय दुखावलेले होते. गेलो.

गच्चीवर आठ माणसं होती आणि चहा सहा जणांचा होता. म्हणजे चळवळीला अपेक्षेपेक्षा जास्त प्रतिसाद होता. एक वास्तुविशारद मुलगी, तिनंच तो कागद लावला होता. एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना आम्ही पुढे पोस्टमास्तर म्हणायला लागलो, आणि ते खरोखर पोस्टमास्तर नव्हते हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. शिलाईचं काम करणाऱ्या एक ताई. मुलाकडे सहा महिने राहून आलेले एक काका. त्यांचं प्रत्येक वाक्य 'नेदरलँड्समध्ये'नं सुरू होतं. नेदरलँड्समध्ये पंतप्रधान सायकलवर, नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्या सायकलवर. पावसात काय करतात असं कुणी विचारलं की म्हणायचे, "भिजतात." याला उत्तर नाही. बाकीचे तिघे बहुधा चहासाठी आले होते, पण टिकले. आठवा मी.

पहिल्या बैठकीत ठरलं की बोलत बसण्यापेक्षा मोजायचं. आमच्या बाजूचा चौकापर्यंतचा फूटपाथ, लांबी साधारण एकशे चाळीस मीटर. वास्तुविशारद मुलीनं सांगितलं, "इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार मोजू." काँग्रेस म्हटल्यावर एक गृहस्थ चपला शोधू लागले. राजकारण नको, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. मग तिनं समजावलं की हा पक्ष नाही. १९३४ साली स्थापन झालेली रस्तेबांधणीतल्या अभियंत्यांची संस्था आहे, आणि देशातले रस्ते कसे असावेत याची बारीकसारीक मापं ती काढून ठेवते. पायी चालणाऱ्यांसाठीची तिची पुस्तिका आहे, क्रमांक १०३. तिच्यात लिहिलंय की राहत्या वस्तीत फूटपाथवर चालायला निदान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील. आणि फूटपाथची उंची जास्तीत जास्त पंधरा सेंटिमीटर.

दोन चाकाच्या खुर्च्या! आमच्या फूटपाथवर दोन मांजरं समोरासमोर आली तरी एकाला माघार घ्यावी लागते.

मोजायला टेप कुणाकडेच नव्हती. ताईंनी पिशवीतून शिलाईची टेप काढली. शिलाईची टेप दीड मीटरची असते. "ही पुरायची नाही हो," पोस्टमास्तर म्हणाले, "आपल्याला एक ऐंशी मोजायचंय." आम्ही सोळा ठिकाणी मोजलं. सोळाही ठिकाणी तीच पुरली, आणि बरीचशी उरली.

काय काय होतं त्या फूटपाथवर! विजेचा डीपीचा डबा. म्हणजे डीपी रस्त्यावर डीपी, नावालाही अडखळायची सोय. गुलमोहर आणि त्याभोवतीचा पार. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा सांगाडा. वाढदिवस होऊन गेला होता, सांगाडा पुढच्याची वाट पाहत उभा होता. केबलची भेंडोळी. मागच्या खोदकामाचा राडारोडा. उंच आलेली चेंबरची झाकणं. ऑर्डरची वाट पाहत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली डिलिव्हरीची मुलं. आणि मधोमध, पायाला सिमेंट लावून पक्का रोवलेला एक फलक : 'फूटपाथवर वाहने लावू नयेत.' त्या फलकाला टेकून एक मोटरसायकल लावलेली होती. उंची म्हणाल तर एके ठिकाणी एकतीस सेंटिमीटर. फूटपाथ म्हणजे फूटभर उंच पाथ, असा अर्थ कुणीतरी लावला असावा. पुढे एका अभियंत्यांनी कारण सांगितलं : कमी उंच ठेवला तर दुचाक्या चढतात. ते खरंच आहे. पण उंच ठेवला तरी त्या चढतातच, दर फाटकापाशी उतार असतो ना! चढत नाहीत त्या फक्त आमच्या मजल्यावरच्या आजी.

दहाव्या ठिकाणी ताई थांबल्या. टेपचं एक टोक भिंतीला, दुसरं रस्त्याला, आणि मधे फूटपाथ शून्य. तिथे एका सोसायटीचा गाड्यांसाठीचा उतार थेट डांबरापर्यंत आला होता. त्यावर चकचकीत खाचांच्या फरश्या, दोन्ही बाजूंना तुळशीच्या कुंड्या. पोस्टमास्तर भडकले. "कोण आहेत हे लोक? नाव लिहून घ्या सोसायटीचं." मी वर पाहिलं आणि नाव वाचलं. आमचीच होती. आम्ही रोज आतून बाहेर पडतो, बाहेरून तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री सेक्रेटरींकडून जुनं इतिवृत्त मागवलं. सहा वर्षांपूर्वीची वार्षिक सर्वसाधारण सभा, ठराव क्रमांक चार : गाड्यांचे तळ घासत असल्यामुळे प्रवेशद्वाराबाहेर उतार वाढवून घेणे. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक, पोस्टमास्तर. ठराव एकमताने मंजूर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सही माझीच आहे." पोस्टातला माणूस, सही नाकारणं त्यांच्या रक्तात नाही.

त्यानंतर मला एक गोष्ट जाणवायला लागली. पुण्यात पायी चालणारी माणसं भरपूर आहेत, पण पादचारी कुणीच नाही. माणूस दुचाकीवाला असतो, कारवाला असतो, रिक्षावाला असतो. पायी जाणं ही त्याची दोन वाहनांमधली अडचण असते. पादचारी हा शब्द आपण घरात कधी वापरतो? 'आमचा थोरला पादचारी आहे' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द वर्तमानपत्रात येतो, आत, शहराच्या पानावर, एका रकान्याच्या बातमीत. अज्ञात वाहनाच्या धडकेत. माणसाला ही पदवी बहुतेक वेळा मरणोत्तर मिळते. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे : देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला नव्वद. आमच्या सोसायटीच्या तिन्ही इमारतींत मिळून माणसं तेवढीच असतील. वास्तुविशारद मुलीनं हा भागाकार गच्चीवर करून दाखवला तेव्हा नेदरलँड्सवाले काकाही काही बोलले नाहीत.

मग अर्ज लिहिला. अर्ज पोस्टमास्तरांनी लिहिला, कारण 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द हातून सहज उतरणारा माणूस आता दुर्मीळ आहे. आवक-जावकच्या टेबलाशी त्यांनी आम्हाला शहाणं केलं : पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का उमटला नाही, तर शाईच्या पॅडवर दोन थेंब पाणी टाकून पुन्हा मारायला सांगायचं. त्यांच्याकडे आता अशा अकरा पोचा आहेत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, क्रमानं लावलेल्या. रस्त्यापेक्षा तीच फाईल जास्त सुस्थितीत आहे.

पहिल्या अर्जाचा परिणाम मात्र इतक्या लवकर झाला की आम्ही हबकलो. एका सकाळी गाडी आली, चार माणसं उतरली आणि दोन्ही बाजूंचा फूटपाथ मोकळा केला. कोणापासून? भाजीवालीपासून, चहावाल्यापासून आणि चप्पल शिवणाऱ्या म्हाताऱ्यापासून. डीपीचा डबा होता तिथे राहिला, उतार होता तिथे राहिला, फ्लेक्सचा सांगाडाही राहिला. संध्याकाळपर्यंत मोकळ्या झालेल्या जागेत तीन कार आणि पाच दुचाक्या येऊन उभ्या राहिल्या. अर्जात आम्ही 'अतिक्रमण' हा शब्द वापरला होता, हीच आमची चूक. हा शब्द तीन माणसांवर पडतो आणि तीनशे गाड्यांवरून ओघळून जातो.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे, आणि गच्चीवर त्यावरून दोनदा भांडणही झालंय. ताईंच्या टेपनं भाजीवालीची टोपली मोजली होती : नव्वद सेंटिमीटर. तिच्यापुढे आणखी माणूस जाण्याइतकी जागा राहते. ती तिथे असते म्हणून रात्री नऊपर्यंत त्या टोकाला दिवा असतो आणि कुणीतरी बघणारं असतं. कार सगळी जागा घेते आणि आत कुणीही नसतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ सालचा कायदा आहे. त्यांना जागा आखून द्यावी, त्यांची समिती करावी असं त्यात म्हटलंय. कारसाठी असा कायदा नाही, तिला लागतही नाही. दुसरा अर्ज आम्ही 'उपरोक्त विषयास' फाटा देऊन साध्या भाषेत लिहिला : भाजीवाली राहू द्या, गाड्या काढा. त्याची पोच मिळाली.

भाजीवाली पंधरा दिवसांनी आपणहून परत आली. मी (स्कूटरवरून) गेलो.

"काका, तुम्हीच अर्ज केला व्हता म्हनं?"

मी कोथिंबीर निरखायला लागलो. एवढ्या बारकाईनं मी कोथिंबीर कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी जुडी पाच रुपयांनी महाग होती. मी घासाघीस केली नाही.

आता सायकलकडे वळतो. पुण्याबद्दल लिहायचं आणि सायकलचा विषय काढायचा नाही, हे माझ्या वयाच्या माणसाला जमणार नाही. हे सायकलींचं गाव होतं. सायकलला पितळी बिल्ला असायचा, रात्री दिवा लागायचा, डायनॅमो टायरवर घासला की पेडल जड व्हायचं आणि डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचा. तो दिसला की मागचा उतरून सज्जनासारखा चालायला लागायचा आणि कोपरा वळला की पुन्हा उडी मारून बसायचा. तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. आम्ही चौघं मिळून एक तास घेत असू आणि पंधरा-पंधरा मिनिटं वाटून घेत असू. घड्याळ कुणाकडेच नसल्यामुळे पहिल्याला नेहमी जास्त मिळायचं. मग १९७२ साली चेतक आली, त्याच वर्षी लुना आली, आणि दोन्ही आपल्याच घरच्या, एक आकुर्डीची, एक नगरची. आम्ही नंबर लावले, वाट पाहिली, पेढे वाटले. सायकल आधी जिन्याखाली गेली, मग भंगारात. कुणी आमच्यावर सक्ती केली नव्हती. मीच माझी सायकल साठ रुपयांना विकली आणि घरी येऊन स्कूटरला हार घातला.

पुढे शहराला सायकलची आठवण येत राहिली, जशी माणसाला सणावाराला गावाची येते. सायकल ट्रॅक आखले गेले. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, केशरी. काही महिने कोपऱ्याकोपऱ्यावर दिसल्या आणि मग जशा आल्या तशा गेल्या. ट्रॅक मात्र काही ठिकाणी आहेत. आमच्या जवळचा एक मला आवडतो. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घालतात. सायकल ट्रॅकइतकी स्वच्छ, उन्हातली आणि रहदारी नसलेली जागा कुरडयांना दुसरीकडे कुठे मिळणार?

गच्चीवर सायकलवरची चर्चा जोरात असायची. कारण आमच्यातल्या दोघांकडे साठ-साठ हजारांच्या सायकली आहेत. रविवारी पहाटे ते हेल्मेट, हातमोजे, कमरेला पाण्याची बाटली अशा थाटात सिंहगडाकडे जातात आणि येताना पिठलं-भाकरी खाऊन येतात. त्यांची मागणी होती वेगळ्या मार्गिकेची. मार्गिका हवीच, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा बैठकीआधी खाली उतरलो तेव्हा वॉचमन मामा सायकलला कुलूप लावत होते. रात्रपाळीला आले होते. काळी, उंच, मागे लोखंडी कॅरिअर, त्यावर डबा सुतळीनं बांधलेला. दिवा नाही. शिवण्याहून येतात, रोज, सात-आठ किलोमीटर. म्हणजे आमच्या कुठल्याही सायकलप्रेमीपेक्षा मामांचे महिन्याचे किलोमीटर जास्त भरायचे. सात वर्षं ते आमच्या फाटकावर आहेत आणि सायकलच्या बैठकीला त्यांना बोलवावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मामा, पुढच्या वेळी वर या बैठकीला."

"किती वाजता असती?"

"सातला."

"तवा तर मी गेटावर असतो, साहेब."

तर बैठकच खाली नेली. मामा खुर्चीवर बसेनात, भिंतीला टेकून उभे राहिले. सायकलवाल्यांसाठी काय करायला हवं, असं विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला. मार्गिका म्हणाले नाहीत, नेदरलँड्स म्हणाले नाहीत.

"ती जाळी फिरवा."

कुठली जाळी? ते आम्हाला बाहेर घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायला चेंबर असतात, त्यांवर लोखंडी पट्ट्यांची जाळी. आमच्या वळणावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं उभ्या होत्या, दोन पट्ट्यांमध्ये सायकलचं चाक बरोबर बसेल एवढी फट. कडेनं जाणारा सायकलवाला, आणि सायकलवाला कडेनंच जातो, त्या फटीत पुढचं चाक घालून पालथा होणार. "मी दोनदा पडलोय," मामा म्हणाले, "एकदा डब्यासकट." पट्ट्या आडव्या असत्या, तर चाक वरून निघून गेलं असतं. मी त्या जाळीवरून तीस वर्षं जात-येत होतो. स्कूटरचं चाक जाड असतं. माझं कधी काही अडलं नव्हतं.

पोस्टमास्तरांनी अर्ज लिहिला : विषय, जाळी फिरवणेबाबत. पोच घेतली. आठवड्याभरानं एक तरुण अभियंता आला, हेल्मेट काखेत धरून. जाळीपाशी उकिडवा बसला, पाहिलं आणि हसला. जाळी चौकोनी होती, चारी बाजू सारख्या. त्यानं दोन मजुरांना बोलावलं, पहारीनं जाळी उचलली, पाव फेरा फिरवली आणि पुन्हा बसवली. ठण्ण. निविदा नाही, अंदाजपत्रक नाही, नारळ नाही, पाच मिनिटंही नाहीत. आमच्या गटाच्या आजवरच्या इतिहासातलं हे एकमेव पूर्ण झालेलं काम. संध्याकाळी मामा आले, जाळीवरून सायकल नेली, थांबले, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा एकदा उलटे जाऊन तिच्यावरून आले.

बाकीची कामं चालू आहेत. गतिरोधकाचंच घ्या. त्याचंही माप पुस्तकात आहे : उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी तीन मीटर सत्तर, म्हणजे गाडी अलगद चढून अलगद उतरावी. आमच्या गल्लीत रातोरात जो उगवला, तो एवढा अरुंद आणि उभा आहे की त्याला गतिरोधक म्हणण्यापेक्षा उंबरठा म्हणावं. तो कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना तो हवा होता, फक्त स्वतःच्या फाटकासमोर हवा होता आणि दुसऱ्याच्या फाटकासमोर नको होता. पुण्यात २००६-०७पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. ही सोय खरोखर चांगली आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. आम्ही अर्ज भरला, रस्ता ओलांडायला पट्टे मागितले. काही महिन्यांनी बाकं आली. आमच्या अर्जामुळे की दुसऱ्या कुणाच्या, कळायला मार्ग नाही. त्यातलं एक बाक बरोबर फूटपाथच्या मधोमध आहे. मी त्यावर बसतो. उभं राहून वाट पाहण्यापेक्षा बरं.

आमच्या मजल्यावरच्या आजी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या दिवशी त्यांनी मला दारात गाठलं. "म्हणजे काय रे, एवढे दिवस आपण विनापरवाना जगत होतो?" आजी दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. गुडघे बरे आहेत. रस्ता बरा नाही.

दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करतात, २०२१पासून. आमचा गट एकदा गेला होता. नगरकर तालमीच्या चौकापासून पुढे रस्ता मोकळा, पोरं रस्त्यावर खडूनं चित्रं काढतायत, कुठे सनई, कुठे कॅरम. मी बिनधास्त रस्त्याच्या मधोमध चालायचं ठरवून निघालो होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी कडेला आलोय. पुन्हा मध्ये गेलो, पुन्हा कडेला आलो. आणि मी एकटा नव्हतो. अख्खा रस्ता रिकामा असताना बरीचशी माणसं दुकानांच्या पायऱ्यांना घासून चालत होती आणि मधूनमधून मागे वळून पाहत होती, हॉर्न का वाजत नाही म्हणून. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेला पोपट दार उघडं ठेवलं तरी दांडीवरच बसून राहतो, असं ऐकलं होतं. आमच्या हातात त्या दिवशी निदान खरेदीच्या पिशव्या तरी होत्या.

आता पट्ट्यांचं सांगतो, म्हणजे झालं. तो जाळीवाला तरुण अभियंता म्हणाला, "काका, तुमचं पटतं मला. पण नुसतं पटून चालत नाही, आकडा लागतो." पुस्तकात सूत्र आहे. तासाला रस्ता ओलांडणारी माणसं, त्याला पी म्हणायचं. तासाला जाणारी वाहनं, ती व्ही. व्हीचा वर्ग करून पीनं गुणायचं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार वीस कोटींच्या वर गेला की सिग्नलसह ओलांडण्याच्या सोयीचा विचार होतो. माझं गणित कच्चं आहे, पण त्या रात्री झोप आली नाही. कारण आजी या सूत्रात कुठेच नाहीत. त्या ओलांडतच नाहीत, म्हणजे पीमध्ये धरायच्या नाहीत. रस्ता जितका वाईट, तितकी ओलांडणारी माणसं कमी. मग हिशेबात निघणार, इथे कुणाला ओलांडायचंच नाही. आणि मी? कोथिंबिरीच्या त्या सकाळी मी लेंग्यावर कडेला उभा होतो तोवर कुणीच नव्हतो. किल्ली घेऊन खाली आलो तेव्हा मोजण्यात आलो, पण व्हीमध्ये. आणि व्हीचा तर वर्ग होतो.

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात आम्ही मोजणीला उभे राहिलो. ताई आणि वास्तुविशारद मुलगी वाहनं मोजत होत्या, नेदरलँड्सवाले काका उलट्या दिशेनं येणारी वाहनं वेगळी मोजत होते आणि त्यांचा कागद सगळ्यात लवकर भरला. माणसं पोस्टमास्तरांकडे. बाकावर बसून, मांडीवर पॅड, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पावणेसातपर्यंत त्यांच्याकडे बासष्ट झाली होती. शाळेतून येणारी दोन पोरं हात धरून धावत गेली, ती धरून.

मला घरून फोन आला. काय आणायचं ते सांगितलं. स्कूटर खालीच उभी होती, किल्लीही खिशात होती.

मी कडेला जाऊन उभा राहिलो. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला धरायचं का?"

"धरता येत नाही का?"

"स्वयंसेवक आहात. उद्या कुणी म्हणेल आकडे फुगवले." मग जरा विचार करून, "कशासाठी चाललात?"

"कोथिंबीर."

"मग धरतो. कोथिंबीर म्हणजे खरं काम."

एक रिक्षा जाऊ दिली, एक टेम्पो जाऊ दिला, उलट्या दिशेनं आलेल्याचं "काका, बघून!" ऐकून घेतलं आणि दुभाजकापर्यंत पोचलो. तिथे एका झुडपाला धरून बराच वेळ उभा होतो. मग पलीकडे. भाजीवालीनं मला पायी आलेलं पहिल्यांदाच पाहिलं असावं. "गाडी बिघडली का काय, काका?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं जुडी दिली, वर दोन मिरच्या टाकल्या.

मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे पोस्टमास्तर पॅडवर रेघ मारत होते. मग त्यांनी पेन्सिल उंच धरून खुणेनं विचारलं, येताना पण? मीही जुडी उंच करून खुणेनं म्हटलं, हो, आणि परत यायला कडेला उभा राहिलो.